मित्र दिसतो, पण भेट होत नाही: कन्सोलवरील सामाजिक जगांत वारंवार तुटणाऱ्या जोडणीचे निवारण

सोलापुरात ज्या घरांत प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा स्विच यांपैकी एखादा खेळाचा कन्सोल आहे, तेथून एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. खेळ व्यवस्थित उतरतो, चित्रपट अडखळत नाही, वेगाची चाचणी शंभर एमबीपीएस दाखवते. परंतु पुण्यातील किंवा भिवंडीतील भावंडाने आपल्या जगात बोलावले की जोडणी होऊ शकली नाही अशी सूचना येते. कधी आत जाता येते, समोरचे पात्र हिंडताना दिसते, पण त्याचा आवाज येत नाही; तर कधी सारे सुरळीत चालले असताना काही मिनिटांनी आपण एकटेच बाहेर पडतो. राउटर बंद करून पुन्हा चालू केला की एक संध्याकाळ बरी जाते आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रकार सुरू होतो.

घरोघरच्या ब्रॉडबँड जोडण्या दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय आहे. बहुतेक ग्राहक प्रथम मोठा प्लॅन घेतात आणि नंतर मला बोलावतात. खरे पाहता या अडचणीचा वेगाशी क्वचितच संबंध असतो. अशा आभासी जगात आपला कन्सोल केवळ माहिती मागवत नाही, तर दुसऱ्या कोणाच्या तरी कन्सोलने त्याला बाहेरून हाक मारावी लागते, आणि ती हाक आपल्या दारापर्यंत पोहोचत नाही. चित्रपट पाहताना ही गरज कधीच पडत नसल्याने दोष लपून राहतो.

म्हणून कोणत्याही सेटिंगला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी: अडचण सगळ्या जगांत येते की काहींतच? कन्सोलवरील सामाजिक जगे जोडणीच्या दृष्टीने दोन जातींची आहेत. रोब्लॉक्स किंवा फोर्टनाइट यांत प्रत्येक खेळाडू कंपनीच्या सर्व्हरला जोडला जातो, म्हणजे हाक नेहमी आपल्याच बाजूने जाते आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. याउलट ‘अॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’मध्ये मित्राच्या बेटावर जाताना, किंवा माइनक्राफ्टमध्ये कोणी स्वतःच्या कन्सोलवर उघडलेल्या जगात शिरताना, मध्ये कायमचा सर्व्हर नसतो, कन्सोल एकमेकांशी थेट बोलतात. अॅनिमल क्रॉसिंगमध्ये एका बेटावर आठ जण एकत्र येऊ शकतात आणि त्यांपैकी एकाची जोडणी अचानक तुटली तर भेटच मोडते व सगळे शेवटच्या जतन केलेल्या क्षणापर्यंत मागे जातात. त्यामुळे तेथे एका घरातला दोष आठ घरांना भोवतो आणि दोषी घर कोणते यावरून आपसांत वाद होतात.

रोब्लॉक्स नीट चालतो पण मित्राचे बेट उघडत नाही, अशी स्थिती असेल तर पुढचे दोन भाग आपल्यासाठी आहेत. दोन्हीकडे जोडणी तुटत असेल, किंवा रोब्लॉक्समध्ये खेळ चालू असताना २७७ आणि आत शिरताना २७९ हे दोष-क्रमांक दिसत असतील, तर पत्त्याचा विचार बाजूला ठेवून थेट विजेच्या आणि वाय-फायच्या भागाकडे जावे.

पत्ता कोणाचा आणि दार कोणाचे

इंटरनेटवरील जोडणीच्या आकडी पत्त्याला आयपी म्हणतात. त्याच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, सुमारे ४३० कोटी पत्तेच शक्य आहेत. आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वसाधारण साठा एप्रिल २०११ मध्ये संपला. तेव्हापासून नव्या ग्राहकांना जोडणाऱ्या कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. एक पत्ता अनेकांत वाटून वापरण्याच्या पद्धतीला नॅट, आणि कंपनीच्या पातळीवरील या व्यवस्थेला सीजी-नॅट म्हणतात; तिच्यासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पत्त्यांचा वेगळा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आला. गिरणीच्या चाळीत साऱ्या बिऱ्हाडांना मिळून एकच पत्रपेटी असावी, तसे हे आहे: आपण पत्र पाठवले असेल तर उत्तर कोणाचे ते पेटी सांभाळणारा ओळखतो, पण न विचारता आलेल्या पत्रावर खोलीचा क्रमांक नसल्याने तो ते टाकून देतो.

आपल्या शहरात या पेटीच्या पुढे आणखी एक पेटी असते, आणि माझ्या अनुभवात तीच अधिक त्रास देते. फायबर जोडताना केबलवाला जो डबा बसवतो, ज्याला तंत्रज्ञ ओएनटी म्हणतात, तो बहुधा स्वतःच राउटरचे काम करत असतो. जुळे सोलापुरातील दुमजली घर असो वा साखर पेठेतील जाड भिंतींचे जुने घर असो, आतल्या खोलीत वाय-फाय पोहोचत नाही म्हणून घरातले लोक दुकानातून दुसरा राउटर आणतात आणि त्याची तार पहिल्या डब्यात खोचतात. झाले, दोन राउटर एकामागे एक उभे राहतात आणि प्रत्येक जण स्वतःला दाराचा मालक समजतो. कन्सोल आतल्या राउटरला यूपीएनपी पद्धतीने दार उघडण्यास सांगतो, तो उघडतोही, पण बाहेरच्या डब्याला याचा पत्ता नसतो.

तपासणी अशी करावी. प्लेस्टेशन ५ वर सेटिंग्जमधील नेटवर्क विभागात इंटरनेट जोडणीची चाचणी घ्यावी. शेवटी नॅटचा प्रकार १, २ किंवा ३ असा दिसतो. घरगुती राउटरमागे २ येणे योग्य आहे. ३ आला तर आवाज न जाणे आणि निमंत्रण फसणे हे अपेक्षितच आहे. एक्सबॉक्स हेच ओपन, मॉडरेट आणि स्ट्रिक्ट या शब्दांत सांगतो. स्विचवर ए, बी, सी, डी आणि एफ अशी अक्षरे येतात, त्यांपैकी ए आणि बी चांगली, सी आणि डी उत्तरोत्तर कठीण, आणि एफ आले तर थेट भेट होणारच नाही असे समजावे.

यानंतर राउटरचे पान उघडावे. त्याचा पत्ता आणि पासवर्ड डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर असतो. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. तेथे वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) या नावाखाली जो आकडा दिसेल तो लिहून घ्यावा आणि त्याच वाय-फायवरच्या मोबाइलवर ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळावरील आयपीव्ही४ आकड्याशी ताडून पाहावा. दोन्ही आकडे एकच असतील तर पत्ता आपला स्वतःचा आहे आणि उरलेले काम घरातच होण्यासारखे आहे. वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर जवळजवळ नक्कीच दोन राउटर एकामागे एक आहेत. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर सामायिक पत्रपेटी कंपनीकडे आहे. १० ने सुरू होणारा आकडा दोन्ही कारणांनी येऊ शकतो, तेव्हा मधल्या डब्याचे पानही उघडून पाहावे लागते.

दोन राउटरांचा प्रश्न सर्वांत सोपा आणि बिनखर्चाचा आहे. दुकानातून आणलेला राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर टाकावा, म्हणजे तो केवळ वाय-फाय पसरवतो आणि पत्ते वाटण्याचे काम सोडून देतो. तो मोड नसेल तर त्याचे डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याची सोय, बंद करावे, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्या डब्याच्या पत्त्याशी टक्कर होणार नाही असा बदलावा आणि तार वॅनऐवजी लॅनच्या (आतल्या बाजूच्या) खाचेत लावावी. आपला राउटरच चांगल्या प्रतीचा असून तोच मुख्य ठेवायचा असेल, तर केबलवाल्याला ओएनटी ब्रिज मोडवर टाकण्यास सांगावे. म्हणजे तो राउटरचे काम सोडून देतो. मात्र अशा वेळी पीपीपीओईचे (कंपनीच्या जोडणीत लॉगिन करण्याच्या पद्धतीचे) नाव आणि पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरावे लागतात, ते आधी मागून घ्यावेत, नाहीतर माणूस निघून जातो आणि घरातले इंटरनेट पूर्णच बंद पडते. पीपीपीओई जोडणीत माहितीच्या प्रत्येक पाकिटामागे आठ बाइट खर्च होतात, म्हणून राउटरमधील एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, १५०० ऐवजी १४९२ असावा. साइन-इन होते, मित्रांची यादी येते, पण जग उघडताना पडदा अर्ध्यावरच अडकतो, असे होत असेल तर ही नोंद तपासणे सार्थकी लागते.

राहिला कंपनीकडील सामायिक पत्ता. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा, की सामायिक पत्त्यामागे असूनही कित्येक घरांत टाइप २ येतो आणि भेटी नीट होतात. कंपनीचे यंत्र आपल्या कन्सोलला बाहेर जाण्यासाठी दिलेला पोर्ट (दाराचा क्रमांक) सर्वांशी बोलताना तोच ठेवत असेल, तर दोन कन्सोल मध्यस्थाच्या मदतीने एकमेकांना शोधू शकतात. यंत्र प्रत्येक नव्या व्यक्तीसाठी नवा पोर्ट देत असेल, तर शोध फसतो. तेव्हा केवळ वॅन आयपी पाहून घाबरून जाऊ नये. टाइप ३ किंवा स्ट्रिक्ट येत असेल तरच कंपनीकडे सार्वजनिक आयपी मागावा. त्याचे वेगळे पैसे पडतात आणि काही ठिकाणी तो केवळ व्यावसायिक प्लॅनवर मिळतो. एक्सबॉक्स असेल तर पैसे देण्यापूर्वी कंपनी आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) देते का हे विचारावे, कारण एक्सबॉक्स ते थेट वापरू शकतो आणि तेथे पत्त्यांची टंचाई नसल्याने सामायिक पेटीही लागत नाही. राउटरमध्ये आयपीव्ही६ चालू असणे तेवढे आवश्यक आहे.

जे उपाय सर्वत्र सांगितले जातात

मोबाइलवर पाहून डीएनएस बदलून ८.८.८.८ टाकण्याचा उपाय प्रत्येक मुलाला ठाऊक असतो. डीएनएस नावाचे पत्त्यात रूपांतर करते. नॅटचा प्रकार तिने बदलत नाही. साइन-इनच होत नसेल किंवा दुकानाचे पान उघडत नसेल तर तो करून पाहावा, इतरत्र त्याचा उपयोग नाही. पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली हाक राउटरने ठरावीक कन्सोलकडे वळवणे, हा खरा उपाय आहे, पण पत्ता आपला स्वतःचा असेल तरच. सामायिक पत्त्यामागे ते करणे म्हणजे बाहेरचे फाटक बंद असताना आतले दार उघडून ठेवणे होय. करायचेच असेल तर आधी कन्सोलला राउटरमधून कायमचा अंतर्गत पत्ता नेमून द्यावा. टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत: प्लेस्टेशनसाठी टीसीपी ३४७८ ते ३४८० आणि यूडीपी ३४७८ व ३४७९, तर एक्सबॉक्ससाठी ३०७४ हा मुख्य पोर्ट आहे. यूपीएनपी चालू असेल तर हाताने केलेली नोंद शक्यतो ठेवू नये, दोन्ही एकाच पोर्टवर हक्क सांगू लागले की चाचणी एके दिवशी ओपन आणि दुसऱ्या दिवशी मॉडरेट दाखवते. कन्सोलला डीएमझेडमध्ये, म्हणजे बाहेरून सारी दारे उघडी असलेल्या जागी, टाकण्याचा सल्ला मी देत नाही, कारण पुढे तोच अंतर्गत पत्ता घरातील एखाद्या संगणकाला मिळाला तर तो संगणक उघड्यावर येतो.

ज्या घरात दोघा भावांचे दोन एक्सबॉक्स आहेत तेथे एकाला ओपन आणि दुसऱ्याला स्ट्रिक्ट येणे हे नेहमीचे आहे, कारण दोघेही ३०७४ मागतात. दुसऱ्या कन्सोलच्या प्रगत नेटवर्क सेटिंग्जमध्ये पर्यायी पोर्ट निवडण्याची सोय आहे, ती वापरावी. तसेच कन्सोल रात्रभर झोपेच्या अवस्थेत ठेवला आणि मध्येच राउटर बंद-चालू झाला, तर यूपीएनपीने उघडलेले दार राउटर विसरतो आणि कन्सोलला मात्र ते अजून उघडे वाटते. ‘राउटर बंद करून चालू केला की एक संध्याकाळ बरी जाते’ या तक्रारीचे मूळ अनेकदा येथेच सापडते. अशा वेळी कन्सोल पूर्ण बंद करावा, आधी ओएनटी, मग राउटर आणि शेवटी कन्सोल या क्रमाने सुरू करावे. रोज हेच करावे लागत असेल तर झोपेची अवस्था वापरणे सोडून द्यावे.

वीज, वाय-फाय आणि ऊन

सगळ्याच जगांतून बाहेर पडत असाल तर तुटण्याची वेळ टिपून ठेवावी, तिच्यातच उत्तर असते. वीज जाताच टीव्ही आणि कन्सोल इन्व्हर्टरवर चालू राहतात, पण ओएनटी जिन्यातल्या वेगळ्या सॉकेटवर असल्याने बंद पडतो, अशी मांडणी मी फार घरांत पाहिली आहे. जेथे तोही इन्व्हर्टरवर आहे, तेथे बदलाच्या क्षणी विजेत जो खंड पडतो तेवढ्यात तो नव्याने सुरू होतो, आणि फायबरची जोडणी परत मिळेपर्यंत सर्व्हरने आपल्याला बाहेर काढलेले असते. राउटर आणि ओएनटीसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. सोलापुरात कन्सोलवर खर्च करणाऱ्याने हा खर्च आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. विकत घेण्यापूर्वी दोन्ही डब्यांच्या अॅडॉप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्यावेत.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशीच्या वर असतो आणि पत्र्याखालच्या किंवा गच्चीलगतच्या खोलीत भिंतीवर टांगलेला डबा तापून अडखळू लागतो. संध्याकाळी सातनंतर आपोआप सुधारणारी तक्रार या जातीची असते. यंत्रमागाचा कारखाना घराला लागून असेल तर कापसाची तूस कन्सोलच्या जाळीत साचते; तेथे जोडणी तुटत नाही, तर कन्सोलच तापल्याची सूचना देऊन बंद होतो, म्हणून पडद्यावरची सूचना वाचल्याशिवाय नेटवर्कला दोष देऊ नये.

वाय-फायच्या बाबतीत एक गोष्ट जुना कन्सोल घेणाऱ्यांनी जाणून घ्यावी. २०१३ मध्ये आलेल्या मूळ प्लेस्टेशन ४ ला केवळ २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरता येतो. ५ गिगाहर्ट्झ २०१६ च्या स्लिम आणि प्रो या आवृत्त्यांपासून मिळाला. दाट वस्तीत २.४ चा पट्टा शेजाऱ्यांच्या राउटरांनी भरलेला असतो आणि त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल १, ६ व ११ हे तीनच धरले जातात. अशा कन्सोलला तार लावणे हाच उपाय आहे. स्विचच्या २०२१ मधील ओलेड आवृत्तीच्या डॉकला तारेची खाच आहे. जुन्या डॉकला यूएसबी अॅडॉप्टर लावावा लागतो.

घरात कोणी लग्नाचे व्हिडिओ पाठवू लागले की आवाज तुटतो, असे होत असेल तर अपलोड तुंबल्याचे समजावे आणि राउटरमध्ये क्यूओएस (कोणाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) असल्यास कन्सोलला अग्रक्रम द्यावा. ओएनटीवरील एलओएस असे लिहिलेला लाल दिवा लुकलुकत असेल, तर घरात काहीही करण्यासारखे नाही. फायबर कोठेतरी वाकलेली किंवा तुटलेली आहे. ओएनटीच्या पानावर प्रकाशाची पातळी दिसत असल्यास ती उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचे एकक) दरम्यान असावी. उणे २७ च्या काठावर असलेली जोडणी वेगाच्या चाचणीत उत्तीर्ण होते आणि खेळात नापास होते.

जे नेटवर्कचे नाहीच

आवाज येत नाही या तक्रारीत मूल तेरा-चौदा वर्षांचे असेल तर मी प्रथम खात्याची सेटिंग्ज पाहतो. पालकांनी तयार केलेल्या बालखात्यात इतरांशी बोलण्याची परवानगी बंद असते, आणि रोब्लॉक्समध्ये वयाची पडताळणी झाल्याशिवाय आवाजी गप्पा सुरू होत नाहीत. ही बंधने हेतुपूर्वक घातलेली आहेत. मुलाच्या आग्रहावरून खात्यातील जन्मवर्ष बदलून देण्याचे काम मी करत नाही आणि पालकांनीही करू नये. परवानगी द्यायची तर पालकांनी स्वतःच्या खात्यातून, फक्त ओळखीच्या मित्रांपुरती द्यावी. याशिवाय सदस्यत्व संपलेले असणे हेही साधे कारण आहे: फोर्टनाइट आणि रोब्लॉक्स यांसारख्या मोफत खेळांना प्लेस्टेशन प्लस लागत नाही, पण प्लेस्टेशनवरील माइनक्राफ्टमध्ये मित्रांना भेटण्यासाठी ते लागते, आणि मित्राच्या बेटावर जाण्यासाठी निन्टेन्डोचे ऑनलाइन सदस्यत्व लागते.

जुना प्लेस्टेशन ३ घेऊन त्यावर ‘होम’ उघडत नाही अशी विचारणाही अधूनमधून येते. प्लेस्टेशन होम हे जग डिसेंबर २००८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि ३१ मार्च २०१५ रोजी सोनीने ते बंद केले. निन्टेन्डो वी यू या जुन्या कन्सोलची बहुतेक ऑनलाइन सेवा एप्रिल २०२४ मध्ये थांबली. तेथे राउटरमध्ये काहीही बदलून उपयोग नाही.

तक्रार नोंदवताना ‘गेम चालत नाही’ असे सांगू नये, समोरची व्यक्ती वेगाची चाचणी घ्यायला सांगून फोन ठेवते. कन्सोलने दाखवलेला नॅटचा प्रकार, राउटरमधील वॅन आयपी, घरात एकच राउटर असल्याची खात्री आणि तुटण्याच्या वेळा एवढे सांगितले तर बोलणे योग्य माणसापर्यंत पोहोचते. सार्वजनिक आयपी मिळेपर्यंत, किंवा तो मिळणारच नसेल तर, जग कोणी उघडायचे हे ठरवून घ्यावे. एक्सबॉक्सवर स्ट्रिक्ट असलेल्याची भेट ओपन असलेल्याशीच होते, म्हणून गटात ज्याच्याकडे ओपन, टाइप २ किंवा ए येतो त्यानेच यजमान व्हावे आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे जावे. गटात कोणाकडेच तसा प्रकार येत नसेल तर माइनक्राफ्टमध्ये रिअल्म घ्यावा. तो कंपनीच्या सर्व्हरवर राहतो, मालकाबरोबर एका वेळी, प्लॅननुसार, कमाल दहा जणांना आत घेतो आणि मालकाचा कन्सोल बंद असतानाही चालू असतो.